शेवटच्या सीटपर्यंत

बाळकुमच्या गंगुबाईने चौदा वर्षं शाळेच्या बसवर मावशी म्हणून काम केलं, आणि त्या चौदा वर्षांत एकाही पोराला तिने नुसतं "उतर" असं सांगितलं नाही. ती आधी स्वतः पायरीवरून उतरायची, वळायची, हात पुढे करायची आणि म्हणायची, "हात दे." मग बालवाडीतलं बारकं असो की मिसरूड फुटू लागलेला आठवीतला बाप्या, हात दिल्याशिवाय सुटका नसायची. तो हात ती खाली उभ्या असलेल्या आईच्या, आजीच्या नाहीतर कामवाल्या ताईच्या हातात ठेवायची. हात ओळखीचा नसेल तर पोर परत गाडीत. एका साहेबांना तर स्वतःचीच मुलगी मिळाली नव्हती, कारण ते दोन वर्षांनी दुबईहून आलेले आणि गंगुबाईने त्यांना कधी पाहिलेलंच नव्हतं. साहेब भडकले, इंग्रजीत बरंच काही बोलले. गंगुबाईने शांतपणे सांगितलं, "आईला फोन लावा. ती बोलली तर देते."

दुसरी तिची खोड म्हणजे शेवटची फेरी. सगळी पोरं उतरली की ड्रायव्हर धोंडिबा घरी जायला उतावळा झालेला असायचा. पण गंगुबाई पुढच्या सीटपासून पार मागच्या सीटपर्यंत चालत जायची. प्रत्येक सीटवर हात फिरवायची, वाकून खाली बघायची, आणि मगच मागून ओरडायची, "गारी रिकामी!" ती आगरी. तिच्या तोंडात गाडीची गारीच होते, आणि ती सुधारायला गेलेली पोरं शेवटी स्वतःच गारी म्हणायला लागली.

ही खोड उगाच लागलेली नव्हती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आठ वर्षांपूर्वी एका मार्च महिन्यातल्या दुपारी तिचं डोकं ठणकत होतं. तिने पुढच्या दारातूनच मान वळवली, मागे काही हललं नाही, आणि ती म्हणाली, "रिकामी." धोंडिबाने गाडी मैदानात उन्हात लावली. ऋतुराज नावाचं साडेतीन वर्षांचं पोर शेवटच्या सीटखाली झोपलेलं होतं. चाळीस मिनिटांनी सापडलं तेव्हा त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि रडायला आवाज उरला नव्हता. पोर वाचलं. त्याच्या आईने गंगुबाईला कामावरून काढू नका असं शाळेला सांगितलं, आणि ते उपकारच गंगुबाईला जास्त जड गेले. शिव्या दिल्या असत्या तर फिटून तरी गेलं असतं.

अशा बाईच्या हातून तीच चूक दुसऱ्यांदा झाली, त्याची ही गोष्ट आहे.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. दहा दिवस, मग तीन आठवडे, मग कुणाला काही सांगता येईना. बस मैदानात धूळ खात उभी राहिली. बाळकुम गावातल्या पोरांनी गल्लीच्या तोंडाला बांबू बांधून टाकले, बाहेरच्याने आत यायचं नाही म्हणून. गंगुबाईचा नवरा पोपट दारात बसून काठी आपटत दिवसभर सगळ्या जगाला नावं ठेवायचा. गंगुबाईला घरात बसून करमेना. तेवढ्यात स्वरगंध सोसायटीचा सेक्रेटरी रत्नदीप याचा फोन आला. त्याचा मुलगाही तिच्या बसमधलाच. सोसायटीत बाहेरचं कुणी येऊ द्यायचं नव्हतं आणि पार्सलं तर रोज ढिगाने येत होती. ती फाटकावर घ्यायची, त्यांच्यावर फवारा मारायचा आणि घरोघरी दारात ठेवायची, एवढं काम. रोज संध्याकाळी कुठलं घर चालू आणि कुठलं बंद ते त्याला सांगायचं, म्हणजे पाणी, कचरा, सगळ्याचा हिशोब लागेल.

स्वरगंध जिथे उभी आहे तिथे एके काळी गंगुबाईच्या सासऱ्याची भातखाचरं होती. आता तिथे आत जायला तिला गळ्यात पास अडकवावा लागायचा आणि कपाळाला बंदूक लावून ताप मोजून घ्यावा लागायचा. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला बी विंग मिळाली. चौदा मजले, छप्पन्न दारं, आणि त्यांतली नऊ पोरं तिच्या बसची.

प्रत्येक दाराबाहेर एकेक स्टूल असायचं. पार्सल स्टुलावर ठेवायचं, बेल वाजवायची आणि मागे सरायचं. आपण लिफ्टमध्ये शिरल्यावरच आतल्यांनी दार उघडायचं. चौदा वर्षं पोरं हातोहात देणाऱ्या बाईला ही रीत पचणारी नव्हती. म्हणून जिथे आपलं पोर आहे तिथे ती बेलनंतर दारावर दोन टकटक करायची आणि तिने ठेवलेल्या नावाने हाक मारायची. "बोंबला, दात परला काय रं?" आतून आवाज यायचा, "दोन पडले!" सहाव्या मजल्यावरची करिश्मा आधी दारापर्यंत धावत यायची. मे उजाडेपर्यंत ती यायचीच बंद झाली, आतून फक्त गेमचा आवाज यायचा. रत्नदीपचा मुलगा परत अंथरूण ओलं करायला लागला होता, हे त्याच्या आजीने दाराआडून दबक्या आवाजात सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर भांडण इतकं चालायचं, की गंगुबाई तिथे मुद्दाम दोनदा बेल वाजवायची. बेल वाजली की थोडा वेळ तरी शांतता व्हायची. आजाराला घाबरून दारं बंद झाली होती. दाराआड पोरांचं काय चाललंय, हे विचारायला मात्र कुठलं सरकारी माणूस येत नव्हतं.

अकरा-शून्य-चारमध्ये संचिता राहायची. तिसरीतली, चिमुकली, पण एकदा पदर धरला की खेकड्यासारखी सोडायची नाही, म्हणून गंगुबाई तिला चिंबोरी म्हणायची. तिचे वडील सौमित्र मालवाहू जहाजावर आचारी. जहाज कुठल्याशा समुद्रात अडकलं होतं आणि कुठलंच बंदर त्यांना उतरू देत नव्हतं. आई ऐश्वर्या ठाण्यात नर्स. तिच्या हॉस्पिटलात आता फक्त कोविडचेच पेशंट होते. घर भाड्याचं.

एप्रिलच्या शेवटी सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक कागद लागला. हॉस्पिटलात काम करणाऱ्या सदस्यांनी आणि भाडेकरूंनी सर्वांच्या आरोग्याचा विचार करून तूर्त अन्यत्र सोय करावी, असं त्यात नम्रपणे लिहिलं होतं. संध्याकाळी हीच माणसं गॅलरीत उभी राहून थाळ्या वाजवत होती, त्याला महिना झाला होता. ए विंगमधल्या एका नर्सला तिच्या घरमालकाने दोन दिवसांत बाहेर काढलं. ऐश्वर्याने मग ग्रुपवर लिहिलं, मुलीला कोपरीला माझ्या मावशीकडे पाठवतेय, मी हॉस्पिटलने दिलेल्या हॉटेलात राहीन, घर बंद असेल. त्यावर तीस जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली.

दुसऱ्या दिवसापासून गंगुबाई संध्याकाळी रत्नदीपला सांगू लागली, "अकरा-शून्य-चार बंद." ते दार पॅसेजच्या अगदी टोकाला. पार्सल नाही, काही नाही, कशाला जायचं तिथवर? ती लिफ्टच्या दारातूनच मान वळवायची. चार दिवस तिने असं सांगितलं.

पाचव्या दिवशी अकरा-शून्य-तीनमध्ये साबणाचा खोका द्यायला ती पॅसेजमध्ये गेली आणि तिच्या लक्षात आलं, की टोकाच्या दाराबाहेरचं स्टूल नाही.

बंद घराचं स्टूल कोण नेणार? ती जवळ गेली. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं, पण लॅचच्या दाराला ते नसतंच. तिने कान लावला. काही नाही. सवयीने तिने दोन टकटक केल्या आणि म्हटलं, "चिंबोरे?"

दाराच्या पलीकडे, अगदी खालच्या बाजूला, कुणीतरी श्वास रोखल्यासारखं झालं. चौदा वर्षं पोरांच्या मागे लागलेल्या बाईला तो रोखलेला श्वास कळतो. ती खाली बसली आणि फटीशी तोंड नेऊन पुन्हा म्हणाली, "चिंबोरे, मी हाय गो. गंगुमावशी."

मग आतून एकदम हळू आवाज आला, "मावशी, मी घरात नाहीये."

गंगुबाईने मागे वळून पॅसेजमध्ये कुणी नाही ना, ते बघितलं.

"आईनं सांगितलंय," आवाज म्हणाला, "कुणी विचारलं तर मी घरात नाहीये."

ऐश्वर्याचा नंबर बसच्या यादीत होताच. दुपारभर फोन लागला नाही. ती त्या प्लास्टिकच्या पोशाखात असायची, आठ-आठ तास पाणीसुद्धा न पिता. चारनंतर तिचा फोन आला आणि गंगुबाई काही विचारण्याआधीच ती रडायला लागली.

"मावशी, खरंच कोपरीला नेणार होते. बॅग भरलेली. संध्याकाळी कोपरीच्या माझ्या मावशीची चाळ सील झाली. सकाळी सहाला हॉस्पिटलची गाडी येते. म्हटलं, एक दिवस राहील ती, संध्याकाळी मी गुपचूप परत येईन. संध्याकाळी कळलं, आमच्यातल्या दोघी पॉझिटिव्ह निघाल्या. आता ड्युटी वाढवली आणि बाहेर सोडतच नाहीत. फ्रिज भरलेला आहे. गॅस खालून बंद केलाय. दिवसातून तीनदा फोन करते मी तिला. मावशी, सोसायटीला कळलं तर मालक घर खाली करायला लावेल. ह्या दिवसांत मला नर्स म्हणून कोण घर देणार? तिला घेऊन मी कुठे जाऊ? अजून पाच दिवस. फक्त पाच. शब्द द्या मला."

गंगुबाईने शब्द दिला. त्या क्षणी दुसरं काय सुचणार? पोरीला आपल्या घरी न्यायचं तर फाटकातूनच न्यावं लागणार, आणि फाटकावर रत्नदीप, कॅमेरा, दोन वॉचमन. गावात बांबू. पोपटला विचारलं तर तो काठी आपटून म्हणाला, "त्यांच्या भानगरीत तू परू नको. शब्द दिलास ना? मग गप ऱ्हा. तोंडात मूग धर."

तिने मूग धरले. रोज दुपारी ती पार्सलांच्या पिशवीत तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दडवून न्यायची. दोन टकटक. आत स्टूल घासल्याचा आवाज, मग वरची कडी सरकल्याचा. आईने बजावलं होतं, वरची कडी कायम लावायची. कडी एवढी उंच, की स्टुलावर चवड्यांवर उभं राहिल्याशिवाय हात पुरत नव्हता. म्हणून तर पोरीने ते आत ओढून नेलं होतं. दार वीतभर उघडायचं. आत अंधार. पडदे लावलेले, लाईट बंद, टीव्ही बंद. समोरच्या टॉवरमधून दिसू नये म्हणून पोर खिडकीजवळून रांगत जायची. भांडी घासून पालथी घातलेली असायची. नळ सुद्धा ती धार बारीक ठेवून सोडायची, आवाज होऊ नये म्हणून.

"भीती वाटते का गो?" गंगुबाईने विचारलं.

"दिवसा नाही वाटत," संचिता म्हणाली. "मावशी, मी शिंकले तर चालेल का?"

गंगुबाईला एकदम सगळ्यांचा राग आला. लिफ्टमधल्या कागदाचा, त्या हात जोडलेल्या चित्रांचा, ऐश्वर्याचा, आणि पिशवीत भाकरी दडवणाऱ्या स्वतःचाही. पण दिवस मोजण्यापलीकडे तिने काही केलं नाही. एक गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी निघताना ती म्हणाली, "उद्या बोंबील आणते." दाराच्या फटीतून एक छोटा हात बाहेर आला, आणि तिने तो सवयीने हातात घेऊन सोडला.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला ती फाटकावर पोहोचली, तर बी विंगच्या तोंडाला बांबू.

सातव्या मजल्यावरचे एक आजोबा पॉझिटिव्ह निघाले होते. पालिकेची माणसं पहारीने खड्डे खणून बांबू उभे करत होती. चौदा दिवस विंग सील. आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. एका टेबलामागे पालिकेची सिस्टर पांढऱ्या पोशाखात बसून घरवार यादी लिहीत होती. यादीत ज्यांची नावं त्यांना रोज फोन, दर दोन दिवसांनी तपासणी, किराणा दारात. यादीत नसेल त्या दाराकडे कुणी फिरकणार नव्हतं.

गंगुबाईने लांब जाऊन संचिताचा फोन लावला. ऐश्वर्याने तिच्याजवळ जुना मोबाईल ठेवला होता, आवाज बंद करून. रिंग वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा. सहा वेळा. ऐश्वर्याचा लावला, तो बंद. तिची ड्युटी आठला सुरू झाली असणार. चारपर्यंत ती मिळणार नाही.

पोर झोपलं असेल, तिने मनाला सांगितलं. पण चिंबोरी सकाळी सातला उठून दप्तर भरून बसते, शाळा नसली तरी, हे तिला ठाऊक होतं.

"मावशी, बरं झालं आलात," रत्नदीपने हाक मारली. "बी विंगची बंद घरं सांगा सिस्टरना. दोन-शून्य-एक, नऊ-शून्य-दोन आणि अकरा-शून्य-चार. बरोबर ना?"

सिस्टरने पेन टेकवलं. "अकरा-शून्य-चार रिकामं?"

किती सोपं होतं. एक शब्द तर म्हणायचा होता, आणि तो तिने आधी चार दिवस म्हटलेलाही होता. ऐश्वर्याला दिलेला शब्द शाबूत राहिला असता. घर राहिलं असतं. पोर बहुतेक झोपलेलं असेल. चारला ऐश्वर्या फोन करेल, मग बघू. पण मग बघून काय करणार? आता ऐश्वर्यालाही आत सोडणार नव्हते. गंगुबाईच्या डोळ्यांसमोर मैदानात उन्हात उभी असलेली बस आली. तेव्हाही मागे काही हललं नव्हतं.

"मावशी?" रत्नदीप म्हणाला.

"नाय," गंगुबाई म्हणाली. "रिकामं नाय. पोर हाय आत. आठ दिवस येकली हाय, आणि सकाळपासून फोन उचलत नाय."

पुढचं सगळं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सिस्टर खुर्ची मागे ढकलून उठली. तिने गंगुबाईला हातमोजे आणि दुसरा मास्क दिला. रत्नदीप म्हणत होता, "शक्यच नाही, तिनं ग्रुपवर लिहिलेलं." लिफ्टमध्ये तो कागद अजून लावलेला होता. अकराव्या मजल्यावर गंगुबाईने दोन टकटक केल्या, हाका मारल्या. आतून काहीच नाही. तिने फटीला कान लावला. या वेळी रोखलेला श्वाससुद्धा नव्हता. पालिकेच्या माणसाने पहार घातली. लॅच तुटलं, पण वरची कडी दमदार निघाली. तिसऱ्या हिसक्याला ती चौकटीसकट उपटून आली.

दार काहीतरी ढकलत उघडलं. दाराआड स्टूल आडवं पडलेलं होतं.

हॉल रिकामा. स्वयंपाकघर रिकामं, भांडी पालथी. बाथरूम रिकामं. रत्नदीप बेडरूमच्या दारात उभा राहून आत बघून आला. "कुणी नाहीये," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका होती. "मावशी, रिकामं आहे."

गंगुबाई त्याच्याशी बोललीच नाही. ती पुढच्या दारापासून चालायला लागली. सोफ्यावर हात फिरवला, वाकून खाली बघितलं. जेवणाच्या टेबलाच्या चारही खुर्च्यांवर हात फिरवला, खाली बघितलं. पडद्यामागे, कपाटात. सिस्टर काही बोलायला गेली आणि थांबली. बेडरूममध्ये पलंगाखाली सुटकेसा एकावर एक रचलेल्या होत्या. गंगुबाई पोटावर आडवी झाली आणि तिने एक सुटकेस बाजूला ओढली, मग दुसरी.

मागे भिंतीला चिकटून संचिता पडली होती. डोळे उघडे. उजवा हात मनगटापासून वाकडा, वांग्यासारखा सुजलेला. तोंडात आईची ओढणी कोंबलेली, दातांत घट्ट धरलेली.

सकाळी सातला ती कडी काढून ठेवायला स्टुलावर चढली होती, मावशी आल्यावर आवाज व्हायला नको म्हणून. स्टूल सरकलं. हात मोडला. किंकाळी बाहेर पडू नये म्हणून तिने ओढणी तोंडात घातली, कारण ती घरात नव्हती. मग बांबू ठोकल्याचे आवाज आले, माणसांचे आवाज आले, आणि ती होती नव्हती तेवढी ताकद लावून पलंगाखाली शिरली. साडेतीन तास ती तशीच पडून होती.

"चिंबोरे," गंगुबाई म्हणाली. "हात दे."

डावा हात हळूहळू पुढे आला.

दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत गंगुबाई तिला मांडीवर घेऊन पॅसेजमध्ये बसली. रत्नदीप भिंतीला टेकून उभा होता. मास्क हनुवटीवर आला होता, त्याचं भान नव्हतं. "तिनं हाक का नाही मारली?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "एकदा नुसती हाक मारली असती."

"कशी मारील?" गंगुबाई म्हणाली. "तुमी कागद लावलाय लिफ्टमधी. आणि मी चार दिवस लिफ्टच्या दारातनं बंद, बंद सांगलं. त्याच्यावर आणखी तीन दिवस ठावं असून गप बसले. तुमचं येक पाप, माझी सात."

हाताला प्लास्टर घालून संचिताला फाटकावर परत आणलं, आणि चारनंतर ऐश्वर्याचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "तुम्ही शब्द दिलेला मावशी."

"दिलेला."

"मालकाचा मेसेज आलाय मला. महिनाअखेरीला घर सोडा म्हणून."

गंगुबाईने फोन संचिताच्या कानाला लावला. पोर बोललं नाही, आणि पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत राहिलं.

मुलीला कुठे ठेवायचं यावर सिस्टरने दोन तास फोन केले. बालकल्याणवाल्यांनी सगळी माहिती लिहून घेतली, ऐश्वर्याला उभं-आडवं विचारलं, चौकशी होईल असं बजावलं. संस्थेत पाठवायचं तर आधी तपासणी, मग वेगळं ठेवणं, म्हणजे पुन्हा एकटीला एका खोलीत. रत्नदीप मध्येच म्हणाला, "आमच्याकडे..." आणि त्याच्या बायकोने वरच्या खिडकीतून त्याला हाक मारली. शेवटी ऐश्वर्याच म्हणाली, "मावशींकडे ठेवा." आवाजात गोडवा नव्हता. पण नाव तिनेच घेतलं.

गावचे बांबू पोपटने स्वतः सोडले. अडवायला आलेल्या पोरांना तो काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. गप राहायला सांगणारा तोच होता, हे त्याने पुन्हा कधी काढलं नाही, आणि गंगुबाईनेही.

संचिता त्यांच्या घरी अकरा दिवस राहिली. जेवायची, झोपायची, पोपटच्या कोंबड्यांना दाणे टाकायची. बोलायची मात्र कुजबुजल्यासारखं. नळाखाली तांब्या धरताना धार बारीक करायची. आणि दार वाजलं, की असेल तिथून उठून खाटेखाली. पोपटची काठी आपटली तरी खाटेखाली. पाचव्या दिवशी पोपटने काठी दाराबाहेर ठेवून दिली, आणि गल्लीच्या तोंडापासूनच खोकत यायला लागला, म्हणजे तिला आधी कळावं. साठ वर्षांत पहिल्यांदाच तो माणूस सांगून घरी येत होता.

बाराव्या दिवशी सकाळी ऐश्वर्या आली. दोन चाचण्या निगेटिव्ह, हातात पिशवी, नाकावर मास्कचे काळे वळ. घरासाठी डोंबिवलीत कुणीतरी होकार दिला होता, तिथूनच ती आली होती. गंगुबाई अंगणात कपडे वाळत घालत होती. भांडण होणार असेल तर आत्ताच होईल, असं गंगुबाईला वाटलं, आणि तिची तयारीही होती.

ऐश्वर्या सरळ दाराशी गेली. दार लोटलेलंच होतं, पण तिने दोन टकटक केल्या.

आत काहीतरी सरपटल्याचा आवाज झाला. मग खाटेखालून संचिताचा आवाज आला, कुजबुजता, पाठ केलेला.

"मी घरात नाहीये."

ऐश्वर्याने दाराची चौकट धरली. दिवसाला चार-चार प्रेतं बांधलेली ती बाई. ती उंबऱ्यावर बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली, तिच्या पोरीने कोंबली होती तशीच, आवाज न करता. गंगुबाईच्या मनात आलं, की आपण आत जावं आणि पोरीला बाहेर आणून हिच्या हातात ठेवावं. चौदा वर्षं तेच केलं. ती दोन पावलं पुढे गेली आणि थांबली.

"तूच जा," ती म्हणाली. "हितनं हाका मारून ती यायची नाय. आत जा. पार शेवटपर्यंत जा."

ऐश्वर्या उठली. डोळे पुसले, चपला काढल्या. खाट भिंतीला लागून होती आणि खाली जागा कमी. ती आधी गुडघ्यांवर बसली, मग लादीवर पालथी आडवी झाली आणि कोपरांवर सरकत आत गेली. बाहेर फक्त तिचे पाय दिसत होते.

"संचू," ती म्हणाली, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मी आलेय. हात दे."

गंगुबाई ओला टॉवेल हातात धरून अंगणात उभी राहिली. खाटेखालून प्लास्टर लादीवर घासल्याचा आवाज आला, आणि मग पोरगी मोठमोठ्याने रडायला लागली. वीस दिवसांत पहिल्यांदा.